सांभाळणाऱ्याचे नाव

पूर्वी व्यवसाय सांगितला की तो कळत असे. अमक्याचा मुलगा तलाठी आहे, तमक्याचा कंपाउंडर आहे, जावई रेल्वेत गार्ड आहेत, एवढे म्हटले की पुढचे विचारावे लागत नसे. तो माणूस सकाळी उठून काय करतो आणि संध्याकाळी का दमतो, हे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभे राहत असे. आता आमच्या धर्माबाद-बिलोली पट्ट्यातली निम्मी मुले हैदराबादेत आहेत, आणि ती काय करतात असे विचारले तर त्यांचे आईबाप "आयटीत आहे" एवढेच सांगतात. चौकशी तिथेच संपते. सांगणाऱ्यालाही त्यापुढचे ठाऊक नसते.

माझ्या थोरल्या बहिणीची अडचण याहून मोठी होती. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, हैदराबादेत विद्यानगरला आईवडिलांजवळ राहतो. तो काय करतो असे शेजारणीने विचारले तेव्हा ताईने कानावर पडलेले सांगून टाकले, "तो कर्नलचे ड्रायव्हर सांभाळतो." शेजारणीचे यजमान लष्करातून निवृत्त झालेले. त्यांनी मोठ्या आस्थेने विचारले, "कोणत्या रेजिमेंटचे कर्नल?" हा किस्सा आमच्या घरात अजून सांगितला जातो. पण हसून झाल्यावर ताई गंभीर होते आणि म्हणते, "खरंच, काय करतो रे तो?"

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आठ दिवस विद्यानगरला होतो, तो याच प्रश्नापायी. भाच्याला दुसऱ्या एका कंपनीतून बोलावणे आले होते. पगार जवळजवळ दीडपट, काम कृत्रिम बुद्धिमत्तेचे, म्हणजे ज्याचे नाव आज सगळ्यांच्या तोंडी आहे ते. चिरंजीव मात्र महिनाभर हो की नाही सांगेनात. कारण विचारले तर म्हणत, "माझ्या ड्रायव्हरचं काय होईल?" ताईने फोन करून मला सांगितले, "तू मास्तर आहेस, तुझं ऐकेल तो. ये आणि सांग त्याला."

विद्यानगर हा भाग मला पहिल्यापासून आवडतो. एका अंगाला उस्मानिया विद्यापीठ, दुसऱ्या अंगाला नल्लकुंटा. लोकल गाडीचे छोटे स्टेशन, आणि काचीगुडा तिथून पुढचेच. दुर्गाबाई देशमुखांच्या नावाचे रुग्णालय इथेच आहे. राजमहेंद्रीच्या दुर्गाबाई आणि आपल्या महाडकडचे चिंतामणराव देशमुख यांनी १९५३ साली लग्न केले, आणि पुढे चिंतामणरावांचे अखेरचे दिवसही हैदराबादेतच गेले. तेलुगू आणि मराठी एका घरात नांदल्याचे याहून ठसठशीत उदाहरण आमच्या सीमाभागाला दाखवता येणार नाही. आमचे दाजी इथे आले ते ईसीआयएलच्या नोकरीमुळे. १९६७ साली स्थापन झालेल्या त्या सरकारी कारखान्यात त्यांनी डाख देण्यापासून तपासणीपर्यंत सगळी कामे केली. आता ते गॅलरीत बसून वर्तमानपत्र वाचतात आणि फार थोडे बोलतात.

भाच्याचे काम मला पहिल्यांदा समजावून दिले ते दाजींनीच. कपाटातल्या डब्यातून त्यांनी एक जुनी आयसी काढून माझ्या तळहातावर ठेवली. काळा चौकोनी किडा आणि त्याला दोन्ही बाजूंनी सात सात पाय. "आमच्या वेळी चौदा नाहीतर सोळा पाय," दाजी म्हणाले. "प्रत्येक पायाचं काम ठरलेलं. याच्याकडच्या चिपला पाय शेकड्यांनी, आणि एकेका पायाला चार-पाच कामं. कोणत्या वेळी कोणत्या पायानं कोणतं काम करायचं, ते याला बघावं लागतं."

पुढचे भाच्याने सांगितले. वजनकाटा, लिफ्ट, रुग्णालयातले यंत्र, मोटारीचा फलक, घरातला टीव्ही, अशा वस्तूंच्या पोटात एक छोटा संगणक असतो. त्याच्या प्रोसेसरची घराणी असतात, एकाच कंपनीची, सारख्या बांधणीची भावंडे. चिपच्या आत खाती पुष्कळ असतात. कोणी दूरच्या यंत्राशी बोलणारे, कोणी पडदा उजळणारे, कोणी कार्ड वाचणारे. पण बाहेर जायला पाय मोजके. म्हणून एकाच पायाला आतून अनेक खाती जोडून ठेवतात आणि मध्ये एक खटका असतो. आज हा पाय संदेशाच्या तारेचा, उद्या दुसऱ्या फलकावर तोच साध्या दिव्याचा. त्या खटक्यांच्या जुडग्याला पिन कंट्रोलर म्हणतात. तो चालवणारा जो मजकूर लिनक्सच्या गाभ्यात असतो, तो ड्रायव्हर. आणि कर्नल म्हणजे हा गाभा, फळातला गर. रेजिमेंटचा प्रश्न असा मिटला.

मी म्हटले, "म्हणजे शाळेचे वेळापत्रक." आमच्या शाळेला एकच मोठा हॉल आहे. सकाळी प्रार्थना, दुपारी चाचणी परीक्षा, संध्याकाळी स्नेहसंमेलनाची तालीम. दोन शिक्षकांनी एकाच तासाला हॉल मागितला की माझ्या टेबलावरची वही पाहायची आणि एकाला नाही म्हणायचे. भाचा खूश झाला. त्याने या विषयाची मूळ माहितीपुस्तिका उघडून दाखवली. तिच्यात नमुन्यादाखल एक चिप काढली आहे, पोटाकडून पाहिलेली, आठ गुणिले आठ, चौसष्ट पायांची, अगदी बुद्धिबळाच्या पटासारखी. आडव्या घरांना ए ते एच, उभ्यांना आकडे. ए-८, ए-७, ए-६ आणि ए-५ हे चार पाय मिळून एका प्रकारच्या तारेचे काम करतात. ए-५ आणि बी-५ मिळून दुसऱ्या प्रकारच्या. आता ए-५ दोघांनाही हवा. पुस्तिका सांगते की दोन्ही कामे एकाच वेळी होणार नाहीत. एका खात्याने पाय धरला असताना दुसरे मागायला आले, तर गाभा त्याला नकार देतो, आणि हा पाय अमक्याने आधीच घेतला आहे असे नावानिशी लिहून ठेवतो. नकार देणारी कार्यालये मी पुष्कळ पाहिली. नकाराबरोबर कारणही सांगणारे हे मला विरळाच वाटले.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. एखाद्या पायाला कोणीच काही सांगत नसेल तर तो अधांतरी राहतो. आजूबाजूच्या विजेची कुजबुजही तो खरी मानतो आणि भलतेच वाचतो. म्हणून त्याला आतून एक हलका ओढा लावून ठेवतात, वरचा किंवा खालचा. कोणी जोराने बोलले तर पाय त्याचे ऐकतो, कोणी बोलत नसले तर ओढ्याच्या बाजूला शांत उभा राहतो. कोणत्या पायाला कोणता ओढा, आणि त्याने बोलावे किती जोराने, दोन मिलिअँपिअरने की बाराने, हेही या ड्रायव्हरच्याच हाती. दुभाषी घरातल्या मुलांकडे तीस वर्षे पाहत आलेल्या मला या ओढ्याचा अर्थ निराळा सांगावा लागला नाही.

या कामाला इतिहासही आहे. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स लिहायला घेतले. आज त्या गाभ्यात तीन कोटींहून अधिक ओळी आहेत, आणि दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते. मोबाइलसारख्या यंत्रांत ज्या घराण्याच्या चिपा असतात, त्या एआरएम चिपांसाठी प्रत्येक कंपनी आपापल्या कोपऱ्यात आपल्या पायांचा मजकूर आपल्या पद्धतीने लिहीत असे. एकच काम दहा ठिकाणी दहा तऱ्हांनी. २०११ च्या मार्चमध्ये टोरवाल्ड्स यांनी या गोंधळाबद्दल चारचौघांत, बऱ्याच कडक शब्दांत वैताग व्यक्त केला. त्याच वर्षी स्वीडनच्या लिनस वॉलेय यांनी, हे दुसरे लिनस, पायांचा सगळा कारभार एका छत्राखाली आणणारा विभाग तयार केला. तेव्हापासून प्रत्येक चिप घराण्याचा ड्रायव्हर त्या छत्राखाली येतो आणि प्रत्येकाला सांभाळणारा कोणीतरी लागतो. हैदराबादेतही केंद्र असलेल्या झायलिंक्स कंपनीच्या झिंक अल्ट्रास्केल प्लस या अठ्ठ्याहत्तर बहुकामी पायांच्या चिपचा ड्रायव्हर २०२१ साली गाभ्यात दाखल झाला. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत एएमडीने झायलिंक्स विकत घेतली. दारावरच्या पाट्या बदलल्या, माणसांचे पत्ते बदलले. ड्रायव्हरचे नाव तेच राहिले आणि त्याला सांभाळणेही तसेच चालू राहिले.

'सांभाळणे' म्हणजे काय, ते मी आठ दिवस भाच्याच्या खोलीत बसून पाहिले. नवे असे तो फारसे काही लिहीत नव्हता. जगभरातून लोक दुरुस्त्या पाठवतात. त्या तो ओळ न ओळ वाचतो. इथे कारण लिहिलेले नाही, इथे जुनी यंत्रे बंद पडतील, असे नम्रपणे परत कळवतो. ती दुरुस्ती दुसऱ्यांदा येते, तिसऱ्यांदा येते. एक तर सातव्या खेपेला आलेली मी पाहिली. मग तो ती टेबलावरच्या चार-पाच फलकांवर चालवून बघतो, आपली मान्यता नावानिशी नोंदवतो आणि वर वॉलेय यांच्याकडे पाठवतो. तिथून ती टोरवाल्ड्स यांच्याकडे जाते. २००४ सालापासून प्रत्येक बदलाखाली तो कोणाच्या हातून आला याची सही लागते. तपासणाऱ्याचे नाव लागते, दोष कळवणाऱ्याचेही लागते. आमच्या कार्यालयात जावक क्रमांक लागतो, पण दोष कळवणाऱ्याचे नाव कृतज्ञतेने लावल्याचे मला आठवत नाही.

त्या आठवड्यात एक तक्रार आली. परदेशातल्या कोणा गृहस्थाचा आठ वर्षांपूर्वीचा वजनकाटा. नव्या आवृत्तीवर तो एकदा झोपला की जागा झाल्यावर बोलेना. मध्यंतरी हजारभर बदल झाले होते. भाच्याने मधला बदल घेतला, चालवून पाहिला, दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते ठरवले, पुन्हा त्याच्या मधला घेतला. हजारातून एक शोधायला दहा चाचण्या पुरतात, हे गणित दहावीच्या वर्गाला सांगण्याजोगे आहे. रात्री दीड वाजता दोष सापडला. झोपेतून उठल्यावर एक पाय आपल्या कामावर परतत नव्हता. दुरुस्ती एका ओळीची, आणि ती का केली याचे टिपण वीस ओळींचे. ते टिपण मी वाचले. इंग्रजी साधे, पण कोणाला दोष नाही, आढ्यता नाही आणि एक शब्द जास्त नाही. निबंधाचा नमुना म्हणून मी ते वर्गात दाखवू शकेन.

"एका वजनकाट्यासाठी?" ताई म्हणाली. ती जागी होती, हे आम्हाला ठाऊक नव्हते.

"आई, तिथला नियमच आहे," भाचा म्हणाला. "काल चालत होतं ते आज बंद पडता कामा नये. नवं कितीही चांगलं असलं तरी."

मला आमच्या शाळेतल्या कपाटाची आठवण झाली. काही वर्षांपूर्वी एका योजनेत मुलांसाठी टॅबलेट आले होते. तीन-चार वर्षांत ते निरुपयोगी झाले. काच शाबूत, बॅटरी बरी, पण नवे पाठ त्यावर उघडेनात. कारण तेव्हा कोणी सांगितले नाही, ते आता भाच्याने सांगितले. बनवणाऱ्याने जुन्या गाभ्यात आपल्यापुरते फेरफार करून यंत्रे विकली, ते फेरफार मूळ गाभ्यात कधीच दिले नाहीत, आणि पुढचे मॉडेल निघाल्यावर मागच्याकडे पाठ फिरवली. मूळ गाभ्यात दिले असते तर कोणीतरी सांभाळणारा राहिला असता. यंत्रे मोडली नव्हती, ती पोरकी झाली होती.

पोरकी हा शब्द मी लालित्यासाठी वापरत नाही. लिनक्सच्या गाभ्यात मेंटेनर्स नावाची एक लांबलचक यादी आहे. कोणता भाग, सांभाळणारा कोण, आणि त्या भागाची अवस्था काय, अशी नोंद त्यात असते. अवस्था पाच. सपोर्टेड, म्हणजे सांभाळण्याचा कोणाला पगार मिळतो. मेंटेन्ड, म्हणजे पगार असो नसो, कोणीतरी खरोखर सांभाळते. ऑड फिक्सेस, म्हणजे माणूस आहे, पण त्याला सवड नाही. ऑर्फन, म्हणजे अनाथ. आणि ऑब्सोलीट, म्हणजे कालबाह्य. एखाद्या सरकारी यादीत 'अनाथ' असा शेरा इतक्या सरळपणे मारलेला मी पाहिलेला नाही. आपल्याकडे ग्रंथपाल निवृत्त होतो, पद रिक्त राहते, ग्रंथालय कागदोपत्री चालूच असते.

भाच्याची कोंडी मला तेव्हा नीट दिसली. आताच्या कचेरीत वर्षाअखेरीच्या तक्त्यात 'नवे काय केले' असा रकाना आहे, 'काय बंद पडू दिले नाही' असा नाही. त्यामुळे बढती दोनदा हुकली होती. नव्या कंपनीत पैसा आणि मान दोन्ही होते, पण कचेरीच्या वेळात हे काम करता येणार नव्हते. आणि जुन्या कचेरीत त्याच्या जागी दुसरे कोणी नेमण्याचा विचारही नव्हता. तो गेला की नोंदीपुढे आज ना उद्या 'अनाथ' लागणार. ताईचे म्हणणे चुकीचे नव्हते. घराचे हप्ते तिला माहीत होते, दाजींची औषधे तिच्याच हाती होती.

मी त्याला जा म्हटले नाही आणि राहा म्हटले नाही. मुख्याध्यापकाने विचारावा तो प्रश्न विचारला. "तू रजेवर गेलास तर तुझा तास कोण घेतो?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "कोणी नाही, मामा."

"तर मग आधी ते बघ. नोकरी त्यानंतर."

गॅलरीतून दाजी म्हणाले, "पगार देणारा बदलतो रे. डाख पक्का बसलेला असावा म्हणजे झालं." त्या आठ दिवसांतले त्यांचे हे सर्वांत मोठे भाषण.

पुढे जे झाले ते भाच्याने फोनवर सांगितले. कोइमतूरकडे त्याच चिपवर यंत्रे बनवणारा एक लहान कारखाना आहे. तिथली एक मुलगी दोन वर्षे दुरुस्त्या पाठवत होती. सातव्या खेपेला आलेली ती दुरुस्ती तिचीच. भाच्याने तिला विचारले, ती तयार झाली. दोघांची कधी भेट झालेली नाही. यादीत आता दोन नावे आहेत. भाचा नव्या कंपनीत रुजू झाला, ताईच्या मनावरचे ओझे उतरले. नोंदीपुढचा एक शब्द मात्र त्याने स्वतःच्या हाताने बदलला. सपोर्टेड खोडून मेंटेन्ड केला. पगार गेला, सांभाळणे राहिले. आता रविवारी सकाळी दोन तास तो ते काम करतो. ताई म्हणते, "देवळात जाण्याऐवजी हे." पण चहा नेऊन देते.

धर्माबादला परतल्यावर जून उजाडला. आमच्याकडे पाचवीला येणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांच्या घरी तेलुगू बोलतात. पूर्वी आमच्या एक शिक्षिका होत्या. त्यांनी एक दोनशेपानी वही केली होती. मुलांच्या तोंडी येणारे तेलुगू शब्द एका बाजूला, मराठी दुसऱ्या बाजूला, आणि फसवे शब्द लाल शाईत. पाट म्हणजे तिकडे गाणे, इकडे बसायचा. कोंडा म्हणजे तिकडे डोंगर, इकडे धान्याचा. आणि सगळ्यात पहिला लाल शब्द 'चालू'. तेलुगूत त्याचा अर्थ पुरे. दुपारच्या जेवणाला नवे पोर ताटावर हात आडवा धरून "चालु, चालु" म्हणते आणि वाढणारीला वाटते, चालू दे म्हणते आहे. ती आणखी वाढते. पोर रडकुंडीला येते. एकाच पायाला दोन कामे, आणि खटका कुठे आहे ते वाढणारीला माहीत नाही.

बाई निवृत्त झाल्या. वही कपाटात राहिली, त्या टॅबलेटांच्या शेजारी. मागच्या सहा वर्षांत तिच्यात एकही शब्द वाढला नव्हता, आणि मुलांच्या बोलण्यात तर रोज वाढत होते.

माझ्या निवृत्तीला आता थोडी वर्षे उरली आहेत. या जूनमध्ये मी शाळेतल्या अशा गोष्टींची यादी केली. घंटा, पाण्याची टाकी, ग्रंथालय, प्रयोगशाळेतले तराजू, जुने दाखले, ही वही. प्रत्येकीपुढे सांभाळणाऱ्याचे नाव आणि खरी अवस्था लिहिली. सहापैकी तीन ठिकाणी मला 'अनाथ' लिहावे लागले. शिक्षकांच्या सभेत यादी वाचली तेव्हा थोडी चुळबुळ झाली. पण वहीसाठी दोन हात वर आले. एक आमच्या मराठीच्या तरुण शिक्षिकेचा, दुसरा आहार शिजवणाऱ्या मावशींचा, ज्यांचे माहेर बासरजवळचे आहे. मी दोघींची नावे लिहिली. पगाराचा रकाना त्या यादीत नाही. मावशींना लिहिता येत नाही, त्या सांगतात आणि बाई लिहितात. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वहीत एक्केचाळीस शब्द वाढले होते, त्यांतले नऊ लाल शाईत.